महिन्याला 260 युनिट वापर असेल तर 5 किलोवॉट कशाला?

ताई, तुमची माहिती एकत्र मांडते म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. सांगलीत दुमजली घर, वर मोकळी गच्ची, महिन्याला सरासरी 260 युनिट वापर, बिल 2,700 रुपयांच्या आसपास, मीटर सासऱ्यांच्या नावावर आणि सोलरवाल्याने दिलेलं 5 किलोवॉटचं 3 लाखांचं कोटेशन. गच्चीवर सोलर बसवावं की नको, हा प्रश्न.

बसवा. पण 5 नाही, 2 किलोवॉट बसवा. "जेवढं मोठं तेवढा फायदा" असं सगळीकडे सांगितलं जातं. घरगुती ग्राहकाच्या बाबतीत ते खरं नाही.

महावितरणचं बिल हातात घ्या. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 हा टप्पा त्याच्या साधारण दुप्पट, त्यापुढे आणखी महाग. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि वीज शुल्क धरलं की 100 च्या वरचा प्रत्येक युनिट 10 रुपयांच्या पुढे जातो. तुमच्या 260 पैकी 160 युनिट या महाग टप्प्यातले आहेत आणि बिलाचा मोठा भाग त्यांचाच आहे. सोलरची वीज वजा होते ती वरून, म्हणजे आधी महाग युनिट जातात, मग स्वस्त. त्यामुळे पहिला किलोवॉट सगळ्यात जास्त पैसे वाचवतो आणि पुढचा प्रत्येक त्याहून कमी.

अनुदानाचंही तसंच आहे. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, आणि चौथ्यापासून काहीच नाही. कमाल 78,000. म्हणजे 3 आणि 5 किलोवॉटचं अनुदान एकच.

आता तुमचा हिशोब. आपल्याकडे 1 किलोवॉट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट देतो, म्हणजे महिन्याला 120. उन्हाळ्यात जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कमी. 2 किलोवॉटचे झाले 240. तुमच्या 260 ला हे जवळपास पुरतं. भारतीय बनावटीच्या पॅनेलचं 2 किलोवॉटचं काम हल्ली 1,30,000 ते 1,40,000 रुपयांत होतं, त्यातून 60,000 अनुदान वजा केलं तर खिशातून 70-80 हजार जातात आणि महिन्याला 2,400 च्या आसपास वाचतात. साधारण तीन वर्षांत पैसे वसूल. पॅनेलची क्षमतेची वॉरंटी सहसा 25 वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल असं धरूनच चाला. 5 किलोवॉट घेतलंत तर अनुदानानंतर 2,22,000 जातील. म्हणजे जादा 3 किलोवॉटसाठी जवळजवळ दीड लाख, आणि त्यातून बिलात आणखी कमी होणार ते उरलेले 20 युनिट.

"जास्तीची वीज महावितरण विकत घेईल" असं तुम्हाला सांगितलं असेल. घेतं, पण कसं ते बघा. नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात आणि हे खातं 31 मार्चला बंद होतं. तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्याच्या मानाने फारच कमी दराने. जोरात तयार झालेली फेब्रुवारी-मार्चची वीज एप्रिल-मेच्या पंख्यांना कामाला येत नाही. पाटी 1 एप्रिलला कोरी होते. सोलरकडे उत्पन्न म्हणून बघू नका, बिलातले महाग युनिट घालवायचं साधन म्हणून बघा. दीड-दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर किंवा एसी नक्की येणार असेल तर 3 किलोवॉट घ्या, तिसऱ्याचं 18,000 अनुदानही मिळेल. "पुढेमागे लागेल" एवढ्यावर मात्र नको.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट सावली, आणि ती कोटेशनमध्ये कुठेच नसते. तुम्ही लिहिलंय की पाण्याची टाकी गच्चीच्या दक्षिण बाजूला आहे. मे-जूनमध्ये पाहणी करायला आलेला माणूस म्हणेल सावली नाहीच, आणि तेव्हा ते खरंही असतं, कारण सूर्य डोक्यावर असतो. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की सांगलीत भर दुपारी 12 वाजता 10 फूट उंचीची (स्टँड धरून) टाकी उत्तरेकडे साडेआठ फूट सावली टाकते. सकाळी 9 ला ती कितीतरी लांब असते. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहत नाही. शक्य असेल तर टाकी उत्तरेला हलवा, प्लंबरचा खर्च वसूल होईल. नाहीतर पॅनेल तेवढे मागे सरकवा. 2 किलोवॉटला 200 चौरस फूट पुरे, तुमच्या गच्चीवर जागा मिळेल. 5 किलोवॉटला 500 लागले असते आणि टाकीची सावली चुकवणं अवघड झालं असतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल 15 ते 20 अंश.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर त्यात अँकर बोल्ट ठोकू देऊ नका. कोब्याला भोक पडलं की पहिल्या पावसात नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल दिसते, आणि तोवर पॅनेल बसलेले असल्याने दुरुस्ती महाग पडते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर स्ट्रक्चर उभं करायला सांगा, हॉट-डिप गॅल्वनाइझ केलेलं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं. नुसता रंग मारलेला अँगल नको. वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर आधी ते. वर मजला चढवायचा विचार असेल तर सोलर थांबवा.

आपल्या भागातली एक खास अडचण: साखर कारखान्याचा गळीत हंगाम. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी राख उडून गच्चीवर बसते हे तुम्ही वाळत घातलेल्या कपड्यांवर बघतच असाल. ऊन चांगलं आणि हवा थंड, म्हणजे पॅनेलला सगळ्यात मानवणारे महिने तेच. (पॅनेल तापलं की वीज कमी देतं, म्हणून मेच्या कडक उन्हात आपण समजतो तेवढी वाढ होत नाही.) हंगामात दर आठवड्याला पॅनेल धुवावे लागतील. सकाळी लवकर, काच थंड असताना, मऊ फडक्याने. बोअरचं पाणी जड असेल तर वापरू नका, क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो सहज निघत नाही. गच्चीवर नळ आणि पॅनेलभोवती माणूस फिरेल एवढी जागा आत्ताच ठेवून घ्या. स्ट्रक्चर आठ-दहा फूट उंच करून खाली जागा मोकळी ठेवायचा मोह होतो, पण मग धुणार कोण? वाऱ्याचा जोरही जास्त येतो.

लाइट गेल्यावर काय, असं तुम्ही विचारलंय. साधं ऑनग्रिड सोलर (महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) लाइट गेली की भर उन्हातही बंद होतं. ते मुद्दाम तसं असतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. तुमच्याकडे आधीच साधा इन्व्हर्टर आहे, तोच राहू द्या.

कागदांचं बघायचं तर अनुदान फक्त योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून आणि भारतीय सेलच्या, म्हणजे डीसीआर पॅनेलवरच मिळतं. पॅनेल चालू झाल्यावर ते थेट तुमच्या बँक खात्यात येतं, त्यामुळे आधी पूर्ण रकमेची सोय लागते. बँका 3 किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात. "अनुदान वजा करून द्या, बाकी आम्ही बघतो" असं कोणी म्हटलं तर लेखी घ्या. पाच वर्षांची देखभाल, अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टरही (आकाशातल्या विजेपासून बचावासाठी) कोटेशनमध्ये लिहून घ्या.

तुमचं घोडं अडणार ते मीटरच्या नावावर. अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच व्यक्तीच्या खात्यात जातं. सासरे असतील तर त्यांच्याच नावाने अर्ज करा, त्यांचं आधार आणि बँक खातं लागेल. ते हयात नसतील तर आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या आणि नवीन नावाचं बिल हातात आल्यावरच विक्रेत्याला ॲडव्हान्स द्या.