गॅलिलिओपासून सुरुवात करतोयस? मग आधी वही घे

खगोलशास्त्राचा इतिहास शिकायचाय म्हणतोस, मस्त विषय घेतलास! फक्त सनावळ्या पाठ करत बसू नकोस, एकच टप्पा पकड आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मी तर गुरूचे चंद्रच सांगेन. ७ जानेवारी १६१० ला इटलीतल्या पाडुआत गॅलिलिओला गुरूजवळ एका ओळीत तीन बारीक 'तारे' दिसले, मग तो रोज बघून टिपून ठेवत गेला म्हणून कळलं की ते गुरूभोवतीच फिरतायत, चौथा तर १३ तारखेला सापडला.

त्याची दुर्बीण साधारण २० पटीची होती, त्यामुळे '५०० पट' लिहिलेला स्वस्त टेलिस्कोप प्लीज घेऊ नकोस. मी घेतलेला, स्टँड इतका लटपटायचा की गुरू एका जागी थांबायचाच नाही. १० बाय ५० ची (१० पट, ५० मिमी भिंगाची) बायनॉक्युलर पुरते, फक्त गच्चीच्या कठड्यावर नीट टेकव.

नवीन लोक इथे चुकतात:
- एकच रात्र बघून सोडून देतात. सलग आठवडाभर चित्र काढ, मध्ये गोल, बाजूला टिंबं, शेजारी वेळ. त्यातला आयो नावाचा चंद्र पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, त्यामुळे रोज वेगळंच दिसतं.
- ॲपमध्ये आधीच उत्तर बघतात. आधी काढ, मग ताळा कर.
- दुर्बीण गॅलिलिओने शोधली असं धरून चालतात. १६०८ मध्येच हॉलंडमध्ये लिपरशे या चष्मेवाल्याने तिचं पेटंट मागितलं होतं.

रोमर या खगोलशास्त्रज्ञाने आयोवरून प्रकाशाच्या वेगाचा अंदाज कसा बांधला वगैरे आत्ता नको, महिनाभराची चित्रं जमली की बोलू. आणि ढग आले तर तेही लिही, ९ जानेवारीला गॅलिलिओनेही तेच लिहिलंय.