कालचं विचार

प्रिय,

विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या सवयींवरच्या तुझ्या प्रश्नावलीचा अल्फा, म्हणजे तिच्या भरवशाचा मानला जाणारा आकडा, ०.९१ आला, मार्गदर्शक खूश आहेत, आणि तू मात्र अस्वस्थ आहेस. कारण ‘मी पुरेशी झोप घेतो’ यापुढे ‘बऱ्याचदा’ अशी खूण करणारी मुलं गप्पांत पहाटे तीनला झोपल्याचं सांगतात. मोजमाप खोटं की मुलं खोटी, असं विचारतेस. मुलं बिचारी खरंच बोलताहेत. तू त्यांचं स्वतःविषयीचं मत विचारलंस, त्यांनी ते दिलं. वर्तन हवं असेल तर कालचं विचार. काल किती वाजता दिवा मालवला? आज किती वाजता उठलास?

अल्फाचं कौतुक आता पुरे. क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला हा आकडा तुझी विधानं एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो, आणि विधानं वाढवली की तोही वाढतो. तू घेतलेल्या एचपीएलपी-२ या आरोग्यदायी जीवनशैलीच्या प्रश्नावलीत ५२ विधानं आहेत. तिथे तो कमी आला असता तरच नवल होतं. शिवाय तू सहाही उपमापन्यांची, म्हणजे तिच्यातल्या सहा वेगळ्या विषयांच्या गुणांची, एकच सरासरी काढलीस. म्हणजे मित्रपरिवार उत्तम आणि व्यायाम शून्य असलेला मुलगा तुझ्या तक्त्यात ‘मध्यम आरोग्यदायी’ ठरतो. अशा आकड्याचं कुणी काय करायचं? सहा आकडे वेगळे दे.

हालचालीच्या प्रश्नांचंही तेच. आयपॅक ही शारीरिक हालचालीची प्रश्नावली मागच्या ७ दिवसांचं विचारते, तेही एका वेळी किमान १० मिनिटं केलेलंच. ही १० मिनिटांची अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. एका तासावरून दुसऱ्या तासाला धावत जिने चढणारी मुलगी तुझ्या प्रश्नावलीत मात्र अजून बसूनच आहे. आणि सात दिवसांची मिनिटं कोण लक्षात ठेवतं? कालचं आठवतं. कालचं विचार.

‘एका दिवसावरून सवय कशी कळणार?’ हा मार्गदर्शकांचा आक्षेप निम्मा बरोबर आहे. एका मुलाची सवय एका दिवसावरून कळत नाही, त्याला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. पण मुलं आठवड्याच्या सातही वारांवर विखुरलीस, तर गटाची सरासरी प्रत्येकाच्या एका दिवसातूनही मिळते. सुट्टीचा दिवस वगळू नकोस. म्युनिक क्रोनोटाइप प्रश्नावली २००३ पासून कामाच्या आणि मोकळ्या दिवसांची झोप वेगवेगळी विचारते, कारण या वयात ती दोन वेगळी माणसं वाटावीत इतकी वेगळी असते. परीक्षेच्या दिवसांत एक फेरी कर, सत्राच्या मध्यावर दुसरी.

हे सगळं मी माझ्या प्रबंधाच्या वेळी समितीपुढे मांडलं होतं. एकाच बैठकीत भरून होणारी प्रश्नावली घ्या, वेळ वाचेल, असं सांगण्यात आलं. मी ऐकलं नाही. बरोबरीचे लोक पुढे गेले, माझा नमुना लहान राहिला, हट्टी म्हणून नाव झालं. होऊ दे. ज्या निष्कर्षांवर मी सही केली ते आजही कुणापुढे ठेवायला मला संकोच वाटत नाही. खंत आहे ती गळालेल्या मुलांची. रोजची नोंद मध्येच सोडणारी मुलं बहुधा सर्वात विस्कटलेल्या दिनचर्येची असतात, आणि त्यांच्यापर्यंत परत पोचायला तेव्हा ना माणसं होती ना पैसा. तू अर्ज करतानाच त्याची तरतूद माग. नंतर कुणी देत नाही.

आधी पाच-सहा जणांना समोर बसव. प्रश्न वाचायला दे आणि उत्तर ठरवताना मनात काय येतं ते मोठ्याने बोलायला सांग. मध्ये तोंड उघडू नकोस, तुला समजावून सांगायची फार घाई असते. मग जमवलेली माहिती फेकून न देता त्यातल्याच काही मुलांना पुन्हा भेट आणि काल रात्रीची झोप विचार. ‘बऱ्याचदा’ लिहिणाऱ्यांच्या नावापुढे ते तास मांडून तो तक्ता मार्गदर्शकांपुढे ठेव. वाद तुझ्या माझ्या मतांवर घालू नकोस, त्या दोन रकान्यांवर घाल.

तुझी,
बाई