शिकवलं तर लिहिणं सुटतं का?

प्रश्न : माझी मुलगी जॅझ पियानो वाजवते, स्वतःच्या रचनाही करते. आता तिला एका संगीतविद्यालयात शिकवायची नोकरी चालून आली आहे. ‘शिकवायला लागलीस की लिहिणं संपलंच,’ असं तिच्या बँडमधली मुलं म्हणतात. तुम्ही स्वतः शिकवता, म्हणून विचारतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नोकरी खुशाल घेऊ द्या. आणि बँडमधल्या मुलांना डेव्हिड बेकर ऐकवा.

बेकर अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे, जन्म १९३१ चा. वाद्य ट्रॉम्बोन, म्हणजे ओठांनी फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. १९५३ मध्ये मोटार अपघातात जबड्याला मार बसला, तरी ते वाजवत राहिले. जॅझ संगीतकार जॉर्ज रसेल यांच्या १९६१ च्या ‘एझ-थेटिक्स’ या अल्बममध्ये सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फींबरोबर त्यांचा ट्रॉम्बोन आहे; काय जोरकस वाजवलाय! पुढे जबड्याने साथ सोडली. ट्रॉम्बोन ठेवून हा माणूस चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, शिकायला बसला. १९६६ मध्ये इंडियाना विद्यापीठात आले, तिथला जॅझ विभाग उभा केला आणि २०१३ पर्यंत त्याचे प्रमुख राहिले. त्यांच्या नावावर २००० हून अधिक रचना आहेत. शिकवून लिहिणं सुटतं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा बघावा.

वर्गामुळे त्यांना काय मिळालं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. बीबॉप ही जॅझमधली वेगवान शैली वाजवणाऱ्यांच्या बोटांत जे होतं, ते मुलांना द्यायचं तर कागदावर उतरवणं भाग होतं. बेकर शिकवत तो बीबॉपचा एक स्केल, म्हणजे स्वरांची सरगम, आपल्या भाषेत असा. तार सा पासून खाली या : सां, शुद्ध नी, कोमल नी, ध, प, म, ग, रे. सातऐवजी आठ स्वर. एका मात्रेत दोन स्वर असे म्हणा. सां, कोमल नी, प, ग बरोबर मात्रेवर पडतात, आणि कॉर्डचे, म्हणजे साथीला एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचे, स्वरही तेच. शुद्ध नी गाळून पाहा, सां नंतर ध, म, रे मात्रेवर येतात आणि कॉर्ड निसटते. खमाजातले दोन्ही निषाद आपल्या कानांना ओळखीचे. इथे ते लागोपाठ येतात. माझ्या वर्गात मुलं हे टाळी देत गातात आणि दुसऱ्या फेरीपर्यंत स्वर जागेवर बसलेला त्यांना स्वतःला कळतो. असं रोज उलगडून सांगणाऱ्याचा हात लिहिताना पक्का होतो, हे मी बघत आले आहे.

शिवाय वाजवणारे हाताशी असतात. त्याच विद्यापीठात नामवंत चेलोवादक यानोश श्टार्कर शिकवत; त्यांच्यासाठी बेकर यांनी सोनाटा लिहिला. २००६ मध्ये, ७४ व्या वर्षी, मोबाइल फोन आणि ऑर्केस्ट्रासाठी कंचेर्तिनो, म्हणजे छोटा कंचेर्तो, केला. शिकागोत प्रेक्षकांनीच आपापले फोन वाजवून त्यात भाग घेतला!

रुजू होण्याआधी मुलीने दोन गोष्टी मागून घ्याव्यात : आठवड्याचा एक दिवस मोकळा आणि विद्यार्थ्यांचा एक बँड. त्या बँडला महिन्याकाठी स्वतःची एक नवी रचना द्यावी, प्रत्येक वाद्याचा पार्ट स्वतः लिहून. सोमवारी मुलं तालमीला येणार म्हटल्यावर रविवारी रात्री लिहावंच लागतं.