रॉड चांगलाय भाऊ, सॉकेट बघा

प्रश्न: नमस्कार दादा, मी यावल तालुक्यातला. थंडीत आंघोळीच्या पाण्यासाठी १५०० वॅटचा रॉड आणला पण एक बादली तापायला पाऊण तास जातो. शेजारचे म्हणतात डुप्लिकेट माल आहे. गावातल्या वायरमनकडून क्लॅम्प मीटर आणून बघितलं तर रॉड चालू असताना ५.४ अँपिअर दाखवतो, व्होल्टेज मेन बोर्डावर २०५ आणि मोरीजवळच्या सॉकेटवर १९०. बोर्डापासून मोरीपर्यंत २५ मीटर वायर ओढलीय, तांब्याची, १ स्क्वेअर एमएम. प्लग पण चटका बसेल इतका तापतो. रॉड खरा की खोटा हे कसं काढायचं, आणि बिल जास्त येतंय का?

उत्तर: भाऊ, एवढे सगळे आकडे मोजून पाठवलेत त्याबद्दल आधी धन्यवाद, नाहीतर आम्हाला पत्रं येतात "लाईट कमी येते, काय करू" एवढीच. तुमच्या आकड्यांत सगळं उत्तर आहे. व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये निघतो आणि गुणलं की वॅट निघतात. १९० भागिले ५.४ म्हणजे ३५.२ ओहम, १९० गुणिले ५.४ म्हणजे १०२६ वॅट. आता १५०० वॅट हा आकडा २३० व्होल्टचा असतो, तेव्हा १५०० भागिले २३० केलं की ६.५२ अँपिअर, आणि २३० ला ६.५२ ने भागलं की ३५.३ ओहम. म्हणजे जुळलं की! रॉड अस्सल आहे, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

मग वॅट इतके का पडले, तर व्होल्टेज कमी झालं की अँपिअरही त्याच मापात कमी होतात आणि वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार, म्हणून मार दोन्हीकडून बसतो. तुमचं व्होल्टेज १७ टक्के कमी आहे पण वॅट ३२ टक्के कमी झालेत. २० लिटर पाणी १५ डिग्रीवरून ४५ वर न्यायला १५०० वॅटने २८ मिनिटं लागतात, १०२६ ने ४१, आणि थोडी ऊब हवेत जाते ती धरली की झाला तुमचा पाऊण तास. पाण्यात जाणारी वीज मात्र दोन्हीकडे तेवढीच, ०.७ युनिट, वेळ जास्त लागला म्हणून युनिट वाढत नाही.

पण खरी भानगड पुढे आहे. बोर्डावर २०५ आणि सॉकेटवर १९०, मधले १५ व्होल्ट गेले कुठे? १५ भागिले ५.४, म्हणजे वाटेत २.८ ओहम बसलेत. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याला मीटरमागे साधारण ०.०१८ ओहम असतो, तुमची वायर जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे तिचे ०.९ झाले. उरलेले १.९ ओहम कुठल्यातरी ढिल्या जॉइंटमध्ये आहेत आणि प्लग तापतो म्हणताय तर तो जॉइंट बहुतेक सॉकेटातच. तिथे किती वीज जळतेय बघा, अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, ५.४ गुणिले ५.४ गुणिले १.९, म्हणजे ५५ वॅट. वायरी जोडायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्याने शिसं वितळतं, आणि तुमच्या त्या प्लास्टिकच्या डबीत तसली दोन चालू आहेत! पाणी तापायची वाट बघणं परवडलं, हे नाही परवडत. वायर आणि जॉइंट मिळून ८१ वॅट फुकट जातात आणि बिलात तुम्ही तेच जास्तीचे भरताय.

मेन बंद करून सॉकेट उघडा, स्क्रूखालची वायर काळी पडलेली दिसेल, ती कापून नवं १६ अँपिअरचं सॉकेट आणि तसाच प्लग बसवा. छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर हा रॉड लावायचाच नाही, व्होल्टेज पूर्ण आलं त्या दिवशी साडेसहा अँपिअर ओढणार तो. एवढं केलं की रॉडला २०० च्या आसपास मिळतील, चारेक मिनिटं वाचतील. बाकीचं डीपीवरूनच, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरूनच, कमी येतंय, त्याला तुमच्या घरात इलाज नाही.

प्रश्न: रावेरकडे आमची केळी आहे. विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोटर, प्लेटवर ४१५ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर लिहिलंय. व्होल्टेज ३५० वर आलं की अँपिअर ९ होतात. ओहमच्या नियमाने तर कमी व्हायला पाहिजेत ना?

उत्तर: रॉडचे झाले असते, मोटरचे नाही होत. रॉड नुसता रेझिस्टन्स आहे, मिळेल तेवढं घेतो. मोटरला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचंय, फिरणं फारसं कमी होत नाही, मग व्होल्ट कमी मिळाले की ती अँपिअर वाढवून घेते. थ्री फेजचे वॅट काढायला १.७३२ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरा कामी येणारा वाटा, तो ०.८२ धरला तर ४१५ ला ४४२० वॅट येतात आणि ३५० ला ४४७४, जवळपास सारखेच. पण वाइंडिंगमधली गरमी अँपिअरच्या वर्गाने वाढते, ७.५ चे ९ झाले की ती जवळजवळ दीडपट. अशा वेळी स्टार्टरमधला रिले, म्हणजे अँपिअर जास्त झाले की मोटर बंद करणारा भाग, ट्रिप होतो आणि रात्रीची लाईन असली की माणूस वैतागून स्टार्टर उघडतो, रिलेचा काटा १० वर फिरवतो, अन् आठवड्याभरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. काटा प्लेटवरच्या आकड्यावरच ठेवा भो.

प्रश्न: बारावीत आहे. १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स हिशोबाने ५२९ ओहम येतो पण मल्टीमीटर ४० च्या आसपास दाखवतो. मीटर खराब आहे का?

उत्तर: नाही. मीटरने तू थंड बल्ब मोजलास. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार डिग्रीच्या आसपास जाते आणि रेझिस्टन्स बारा-तेरा पट होतो, ५२९ हा तेव्हाचा आकडा. म्हणून बल्ब बहुतेक वेळा बटण दाबल्या-दाबल्याच उडतो, थंड तारेतून त्या क्षणी करंट कैक पटीने जातो. आणि पेटलेल्या बल्बला मल्टीमीटर ओहमवर ठेवून लावू नकोस, मग मात्र मीटर खरंच खराब होईल.