काका प्रार्थनासभेला येईनासे झाले

प्रश्न : ताई, सलाम. मी लालबागला राहतो, चर्चच्या शब्बाथशाळेत मोठ्या मुलांना शिकवतो. महिन्यापूर्वी आमच्या चाळीत घरगुती प्रार्थनासभा होती. ज्या बाईंच्या घरी सभा होती, त्यांचा मुलगा जन्मापासून अंध आहे. मंडळीतले एक ज्येष्ठ काका वचन सांगता सांगता म्हणाले, “आईबापांचं पाप लेकरांना फेडावं लागतं.” मला राहवलं नाही. तिथेच बायबलमधलं योहान ९ (योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय) उघडून वाचलं आणि म्हणालो, “काका, आधी शास्त्र वाचा, मग शिकवा.” तेव्हापासून काका येत नाहीत. पाळकसाहेब म्हणतात, प्रीतीने वागायला हवं होतं. चुकीचं कानावर पडत असताना गप्प बसणं, ही प्रीती का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : सलाम. गप्प बसला नाहीत, हे फार बरं केलंत. त्या माउलीने स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकरादेखत ते ऐकलं. योहान ९ मध्ये एका जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला नेमकं हेच विचारलं होतं : पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? त्याने दोन्ही नाकारलं. हे तिच्या कानावर त्याच संध्याकाळी पडायला हवं होतं. अंत्युखियात प्रेषित पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, बांधवांच्या पंगतीतून दूर झाला, तेव्हा प्रेषित पौलानेही त्याला सर्वांसमोरच अडवलं.

पण “आधी शास्त्र वाचा, मग शिकवा” हे योहानात नाही. ते तुमचं.

शिवाय काकांनी शास्त्र वाचलेलं आहे. वडिलांच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हे निर्गम २० मध्येच आहे. पुढे यहेज्केल १८ म्हणतो, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. हे दोन्ही अध्याय शेजारी ठेवून, मग योहान ९ पर्यंत यायला निवांत तास-दोन तास लागतात. गीत आणि चहा यांच्या मधल्या अर्ध्या तासात ते होत नाही.

गिरणी संपानंतरच्या वर्षांत मी भायखळ्याला शब्बाथशाळा घेत असे. वय बावीस. एक आजी यायच्या, अक्षरओळख नाही, पण तेविसावं स्तोत्र तोंडपाठ. “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही वाण पडणार नाही.” छापील शब्द ‘उणे’. मी मुलांसमोर म्हणाले, “आजी, वाण नाही, उणे.” त्यांचा मुलगा संपात घरी बसलेला, आणि ‘वाण’ म्हणजे काय हे त्या मला शिकवू शकल्या असत्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते अशाच बायाबापड्यांसाठी; हे मी मुलांना शिकवतही होते! आजी पुढच्या रविवारीही आल्या. स्तोत्र मात्र परत कधी म्हटलं नाही. मी क्षमा मागितली नाही, आणि मग त्या गेल्या.

म्हणून सांगते, पाळकसाहेबांना मध्ये न घालता तुम्ही स्वतः जा. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रात निपुण, पण त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा तेवढाच ठाऊक. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला, तंबू शिवणारं जोडपं. सभास्थानात त्याचं बोलणं ऐकून त्यांनी त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. पुढे अपुल्लोस करिंथच्या मंडळीला फार उपयोगी पडला.

त्या एका वाक्याची क्षमा मागा. योहान ९ ची मागू नका. मग काकांनाच तो अध्याय मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्यांचं म्हणणं मध्ये न तोडता ऐका.

त्यानंतर दोघे मिळून त्या बाईंकडे जा. तुमच्या पत्रात काकांचं आहे, पाळकसाहेबांचं आहे. या महिनाभरात त्या बाईंची कोणी विचारपूस केली का, ते नाही.