क्षमा केली, पण चाव्या परत का द्यायच्या?

ताई, ख्रिस्तात सलाम.

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुमच्या नाशिकरोडच्या चर्चच्या मंडळीचे पाळक बांधकाम निधीचा हिशेब न देता राजीनामा देऊन गेले. त्याआधी गायनसंघातल्या एका मुलीने त्यांच्या मेसेजबद्दल तक्रार केली होती. कारभार पाहणाऱ्या पंचांनी एक प्रार्थनासभा घेऊन दोन्ही विषय मिटवले. नवे पाळक सांगतात, लोटाच्या बायकोसारखं मागे वळून पाहू नका. काही घरं दुसरीकडे उपासनेला जाऊ लागलीत. आणि तुम्हाला कळत नाहीये की हिशेब मागितला तर आपण क्षमा केली नाही असं होतं का.

होत नाही. क्षमा तुम्ही आज, आत्ता, घरी बसून करू शकता. कपाटाच्या चाव्या कुणाकडे असाव्यात हा मंडळीच्या कारभाराचा प्रश्न आहे. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की पुढचा सगळा गोंधळ होतो, आणि कालवणाऱ्याचा त्यात बहुधा फायदा असतो.

आधी त्या मुलीचं बोलू. तुमच्या प्रश्नात तिच्यावर एक ओळ आहे आणि निधीवर दोन परिच्छेद. तुम्हाला बोल लावत नाही, सगळ्याच मंडळ्यांत असं होतं. पैसा मोजता येतो म्हणून त्यावर तोंड उघडणं सोपं जातं. पण ती तेव्हा अठराच्या आत होती का, हे पहिल्यांदा बघा. असेल, आणि मेसेज लैंगिक स्वरूपाचे असतील, तर हा विषय पंचांच्या हातात कधी नव्हताच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे ज्याला ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आईवडील "आमच्या पोरीचं लग्न व्हायचंय, राहू द्या" म्हणाले तरी ही जबाबदारी जात नाही. पोलीस ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 या क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते.

अठराच्या वर असेल तर निर्णय तिचा. तुम्ही तिच्या सोबत जायचं, तिच्या वतीने ठरवायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात विनावेतन काम करणारेही येतात, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळते. म्हणजे "ईस्टर होऊ द्या, मग बघू" म्हणणाऱ्यांचं ऐकलं तर मुदतच संपते.

आमच्याही मंडळीत (नाशिकमधलीच, नाव सांगत नाही) असाच विषय झाला होता. तिथे एक काम चांगलं झालं. त्या मुलीला पंचांपुढे उभं केलं नाही. दुसऱ्या मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने तिचं म्हणणं एकदाच लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. पंचांनी कागद वाचला. "मत्तय अठरा प्रमाणे तिने आधी त्यांना एकांतात भेटायला हवं होतं" असं एक गृहस्थ म्हणालेच. त्यावर त्या बाई म्हणाल्या, एकांताचीच तर तक्रार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो अध्याय "मंडळीला सांग" इथपर्यंत जातो, पण आपले लोक पहिल्याच पायरीवर थांबतात.

दुसरं हुकमी वचन म्हणजे "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका". तुमच्याकडेही कुणी ना कुणी म्हटलंच असेल. स्तोत्र 105 उघडून आधीच्या ओळी वाचा. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल बोलणं चाललंय. मोजकीच माणसं, परक्या मुलखात भटकणारी, आणि देव त्यांच्यासाठी राजांना दटावतोय. दुबळ्यांना सत्तेपासून वाचवणारं वचन आपण सत्तेच्या दाराशी राखणीला बसवलंय. लोटाच्या बायकोचंही तेच. ती ज्या गावाकडे वळली त्याचा नाश होत होता आणि तिला बाहेर पडायला सांगितलं होतं. तुम्ही अजून त्याच इमारतीत उपासना करताय, तिच्याच छपरासाठी पैसे दिलेत. तुमच्यात आणि तिच्यात साम्य काय?

आता हिशेब. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर खजिनदार म्हणून बसले ती पाळक गेल्यानंतरच्या कमिटीत. वह्या अर्ध्या होत्या, पावतीपुस्तकांचे मधलेच क्रमांक गायब. नवी कमिटी म्हणत होती की आकडे आपल्यातच ठेवू, मंडळी हादरेल. शेवटी ठरलं की जेवढं सापडलं तेवढं आणि जे सापडलं नाही तेही उपासनेनंतर वाचून दाखवायचं. रविवारी प्रभुभोजन झाल्यावर लोकांना थांबवलं. मी वाचत गेले: जमा अमुक, खर्चाच्या पावत्या अमुक, बाकी रकमेचा कागद नाही. "कागद नाही" हे शब्द मी प्रत्येक नोंदीला जसेच्या तसे वाचले. "गैरव्यवहार" म्हटलं नाही, "काही तांत्रिक त्रुटी" असंही म्हटलं नाही.

सुरुवातीला कुणी बोललं नाही. मग मागून एक म्हातारी उठली. सुगीच्या सणाला लोक धान्य, भोपळे, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो, तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे दिंडोरीकडचा एक शेतकरी दरवर्षी द्राक्षांच्या पहिल्या पेट्या आणतो. ही आजी म्हणाली, "माझ्या कोंबडीचे पैसे कोणत्या पानावर हायेत?" कुठल्याच पानावर नव्हते. लिलावाची स्वतंत्र नोंदच नव्हती, सगळं "इतर जमा" मध्ये टाकलेलं. त्या एका प्रश्नावर पुढचा तासभर लोक बोलत राहिले. कुणी रडलं, कुणी पाळकांची बाजू घेतली, दोघेतिघे चिडून निघून गेले. पण जे आतापर्यंत फक्त पार्किंगमध्ये आणि स्वयंपाकघरात बोललं जायचं ते पहिल्यांदा वेदीसमोर बोललं गेलं. मंडळी हादरली नाही. ती आधीच हादरलेली होती, कमिटीला तेवढं ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतरचे बदल अगदी कोरडे आहेत, पण गुण त्यांनीच येतो. अर्पण तिघं मोजतात, तिघं वेगवेगळ्या घरांतले, आणि वहीवर तिथेच सह्या होतात. सोमवारी भरणा. मागच्या रविवारची रक्कम फळ्यावर. बँकेत दोन सह्या, त्यांत पाळकांची नाही. सुगीच्या लिलावाला वेगळी वही, ज्यात वस्तू, देणारा, घेणारा आणि रक्कम लिहिली जाते. पाळक सल्ल्यासाठी कुणाला एकटं भेटत असतील तर दार उघडं आणि आवारात दुसरं माणूस हजर. संडेस्कूलला प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं. आणि एक गोष्ट तुम्ही येत्या रविवारीच करा: दानपेटीवर चिकटवलेला क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करून पाहा, नाव कुणाचं येतं. मंडळीचं येत नसेल, एखाद्या व्यक्तीचं येत असेल, तर पैसे न पाठवता स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कायद्याचा रस्ता तुमची मंडळी कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरतो आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) असेल तर मंडळीच्या पास्टरेट कमिटीच्या वर धर्मप्रांत, त्याच्या वर सिनॉड म्हणजे सर्वोच्च सभा, आणि जमीन बहुधा वेगळ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर. कॅथलिक असेल तर प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती असणं त्यांच्या चर्चच्या कायद्यानेच सक्तीचं आहे (कॅनन लॉ, नियम 537), ती कागदावर आहे की खरोखर बसते ते विचारा. स्वतंत्र मंडळी असेल तर सगळ्यात अवघड, कारण विश्वस्त म्हणजे पाळक, पाळकबाई आणि मेहुणे असं चित्र सर्रास दिसतं.

नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. नाशिकमध्ये सहधर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, मुंबईला जावं लागत नाही. तिथून शेड्यूल वनचा उतारा काढा. विश्वस्त कोण आहेत आणि मालमत्ता कोणती आहे ते त्यावर असतं. पुष्कळदा उताऱ्यावर अजून स्वर्गवासी झालेल्यांची नावं असतात, कारण कलम 22 चा बदल अहवाल 90 दिवसांत द्यायचा असतो आणि कुणी दिलेला नसतो. हिशेब न देणं, निधीचा अपहार अशा कारणांवर आयुक्त कलम 41डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करू शकतात, आणि त्यासाठी "हितसंबंधी व्यक्ती" म्हणून तुमच्यासारखा सभासद अर्ज करू शकतो. जमिनीकडेही लक्ष ठेवा. शरणपूर मिशनने 19 व्या शतकाच्या मध्यात वसवलं तेव्हा ते गावाबाहेर होतं, आज शरणपूर रोडला जागेचे भाव काय आहेत ते नाशिककराला सांगायला नको. जुन्या आवारांवर सगळ्यांचीच नजर असते. विक्री, देणगी, अदलाबदल किंवा इमारतीचा तीन वर्षांहून लांब भाडेपट्टा कलम 36 प्रमाणे आयुक्तांच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय वैध नाही. "बांधणाऱ्याशी नुसता करार केलाय" म्हणत असतील तर कराराची प्रत मागा. परदेशातून पैसा आला असेल तर तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालच्या) खात्यातच यायला हवा. पाळकांच्या स्वतःच्या खात्यावर आला असेल तर तो वेगळाच गुन्हा.

"विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जाऊ नये" हे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन पुढे येईल. त्याच पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, अपील केलं होतं, एवढं आठवण करून द्या आणि वाद घालत बसू नका.

कमिटी बदलण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. नवा पाळक आणला की सुधारणा झाली असं नाही. ज्या पंचांनी तेव्हा डोळेझाक केली तेच पंच राहिले तर नवे पाळकही सहा महिन्यांत तसलेच होतील, माणूस कितीही भला असो. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्याच मंडळीत वाटपावरून तक्रार झाली: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातंय. प्रेषितांनी शांतीसाठी प्रार्थनासभा ठेवली नाही. सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सातही नावं ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती तिच्याच हातात वाटप गेलं. तुमच्याकडे निवडणूक होईल तेव्हा हिशेब विचारणाऱ्यांपैकी आणि त्या मुलीच्या बाजूने उभं राहिलेल्यांपैकी कमीत कमी दोघं कमिटीत जातील असं पाहा. एका घरातला एकच. आणि ठरावीक मुदतीनंतर सक्तीची विश्रांती, खजिनदारालाही. मीही पायउतार झाले, आणि खरं सांगायचं तर सुटले.

एक कुणी बोलत नाही ते बोलते. पाळकांच्या घरच्यांचं काय झालं? आमच्याकडे त्या बाईंना आणि मुलांना बंगला रिकामा करायला सांगितलं गेलं, महिला संघाच्या एकाही बाईने फोन केला नाही. त्यांनी काय केलं होतं? आणि आपण पाळकांना पगार काय देतो तेही कधी मांडून बघा. पोटापुरता पगार न देता अर्पणाची थैली हातात सोपवायची आणि वर देवाचा सेवक म्हणायचं, यात मंडळीचाही वाटा आहे. त्याने चोरी माफ होत नाही. पण पुढच्या माणसाचा पगार नीट ठरवला नाही तर वरच्या सगळ्या वह्या निरुपयोगी.

गेलेले पाळक वर्षा-दोन वर्षांनी परत येतील, हेही धरून चाला. रडतील, कदाचित खरंच रडतील. लोक पेत्राचं उदाहरण देतील, की येशूला नाकारूनही त्याला मेंढरं, म्हणजे विश्वासणारे, सोपवली गेली. पेत्राने मेंढरांना इजा केली नव्हती. त्याने धन्याला नाकारलं, आणि पुन्हा नेमणूक करणारा तो धनीच होता. इथे ज्यांना इजा झाली त्यांना न विचारता तिसरेच लोक व्यासपीठ देऊ करतात. शेजारी बसून प्रभुभोजन घेऊ द्या, आजारी पडले तर डबा न्या. माइक, चाव्या आणि संडेस्कूल मात्र नाही.

मंडळी सोडावी का, या तुमच्या शेवटच्या ओळीवर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. नाशिकात हा विषय निघाला की कुणीतरी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेतंच, की रेव्हरंडांनीही 1917 साली मिशन सोडून देवाचा दरबार काढला. काढला. पण त्यांच्याजवळ नव्याची कल्पना होती, नुसता जुन्याचा राग नव्हता. ती मुलगी आणि तिचे आईवडील दुसरीकडे जाऊ म्हणत असतील तर त्यांना अडवू नका, उलट तिथल्या पाळकांशी बोलून त्यांची जागा करून द्या. तुमचं स्वतःचं म्हणाल तर निदान वार्षिक सभा होईपर्यंत थांबा, कारण सभासदत्व काढून घेतलं की "हितसंबंधी" म्हणून उभं राहणं कठीण होतं.

सभेच्या आधी कमिटीला लेखी अर्ज द्या: बांधकाम निधीचा जमा-खर्च, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि बँकेची विवरणपत्रं सभासदांना पाहायला मिळावीत. एकटीने सही करू नका, निदान दोन घरांच्या सह्या घ्या. अर्जात आरोप एकही नको, नुसती मागणी. सेक्रेटरींकडून दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. घेत नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा, धर्मादाय कार्यालयात पहिल्याच दिवशी तीच मागतात.