मुंबई ते नागपूर विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

सरळ रेषेत हे अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे आणि तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. प्रत्यक्ष हवेतला वेळ सव्वा तासाच्या आसपासच असतो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला उभे राहीपर्यंतची असल्यामुळे, मुंबईच्या धावपट्टीकडे जाताना रांगेत काढलेली मिनिटेही त्यातच धरलेली असतात. तेथील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि रांग काही हटत नाही.

परंतु या ‘दीड तासा’वर माझा राग आहे. माझे थोरले बंधू नागपूरला राहतात आणि मी डोंबिवलीला. गेली वीस वर्षे प्रत्येक सणाला त्यांचे एकच वाक्य ठरलेले असते, “दीड तासाचं तर विमान आहे ना बाप्पा!” त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी एकदाचे त्यांचे ऐकले. मुहूर्त सकाळी ११ वाजून १२ मिनिटांचा, विमान ७ वाजून ५ मिनिटांचे, म्हणून पहाटे ३.५० ला घर सोडले. येणारे विमानच उशिरा आल्याने आम्ही ९.१० ला उडालो आणि १०.२० ला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरलो. दादरहून घेतलेला शालू सामानात दिलेला होता, त्यासाठी पट्ट्यापाशी अर्धा तास उभा राहिलो. सक्करदऱ्याच्या कार्यालयात शिरलो तेव्हा ११.३५ झाले होते, अंतरपाटाची घडी खुर्चीवर पडली होती आणि गुरुजी दक्षिणा मोजत होते. दाराशीच दादा म्हणाले, “आदल्या दिवशी निघायचं होतं.” पावणेआठ तासांपैकी एक तास दहा मिनिटे मी आकाशात होतो.

रेल्वेचे अंतर ८३७ किलोमीटर, म्हणजे विमानापेक्षा बरेच जास्त. तरीही संध्याकाळी कल्याणला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो असतो, तर सकाळी नागपुरात आंघोळ करून अक्षता टाकल्या असत्या. आपण डोंबिवली-कल्याणकडचे असाल आणि कार्य सकाळचे असेल, तर सकाळच्या विमानाच्या भरवशावर मुळीच राहू नये. नातेवाईक दीड तासाचा हिशेब ऐकवू लागले, तर त्यांना घराच्या दारापासूनचा हिशेब मागावा. आमचे दादा गेल्या वर्षी आमच्याकडे आले ते विदर्भ एक्सप्रेसनेच, आणि कारण विचारल्यावर “सामान जास्त होतं” म्हणाले.

अर्थात आपण अंधेरी किंवा पार्ल्यात राहत असाल, हातातली एकच बॅग असेल आणि काम दुपारनंतरचे असेल, तर विमानच सोयीचे पडेल, हे मान्य करतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, पण एकट्याने गाडी चालवायची असेल तर तो विचार सोडावा. आणि आता नवी मुंबईचाही विमानतळ झाल्यामुळे, तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे ते काढतानाच पाहून घ्यावे.